गोड राहिलेली खेप

पहिलाच घोट गोड लागला. धर्मराजनं तो गिळला नाही. तोंडात धरून जिभेच्या कडांवरून फिरवला, टाळूला लावून पाहिला आणि उठून माळवदाच्या कडेला जाऊन खाली परसात थुंकून टाकला. बाटली नीट होती. बूच निघताना आवाज झाला होता, जरा दमलेला, पण झाला होता. पेल्यात फेस आला होता, पण बसलाही लगेच. रंग तोच, वास जवळजवळ तोच. फक्त चव गोड होती, आणि तीही गुळासारखी सरळ गोड नव्हे. आजाऱ्याला पाजायच्या पेजेची असते तशी मिळमिळीत, भिजल्या जवाची गोडी. जवाच्या बिअरमध्ये ती मागं राहिली याचा अर्थ एकच होता. खमिरानं आपलं काम केलं नव्हतं. समोर सतरंजीवर बसलेल्या रामेश्वरशेठनं मात्र पेला एका दमात रिकामा केला होता. हा मोंढ्यातला धान्याचा व्यापारी दर शनिवारी दुकान बंद करून, पोटाच्या औषधासाठी म्हणून धर्मराजच्या माळवदावर यायचा आणि औषध घेऊन झालं की वेलदोडा चघळत घरी जायचा. "आज बिलकुल सरबत झालं," तो मिशा पुसत म्हणाला, "अशीच करत जावा. एरवी ते कडू उतरवताना जीव जातो." धर्मराजनं हसल्यासारखं केलं. या माणसाला इतकी वर्षं आपण काय पाजत होतो आणि तो काय पीत होता, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला. खाली चुलीपाशी चतुराबाईचा भाकरी थापण्याचा आवाज चालू होता.

ते खमीर साहेबाचं होतं. साहेब म्हणजे जालन्याच्या स्टेशनाजवळ जी जिनिंग फॅक्टरी होती तिथला इंजनसाहेब. लांबडा, लालबुंद, कपाशीच्या हंगामात इंजिनाशी भांडणारा, आणि हंगाम सरला की बंगल्याच्या मागच्या पडवीत रांजणांपाशी बसून राहणारा. केदारखेड्याहून आलेला धर्मराज त्याच्याकडं पाणी भरायला म्हणून लागला आणि हळूहळू त्या रांजणांचा माणूस झाला. जव भिजवायचे, ओल्या तरटावर पसरून त्यांना मोड आणायचे, मोड उन्हात वाळवायचे, जात्यावर भरडायचे, भरड गरम पाण्यात झाकून ठेवायची, पाणी गाळून उकळायचं, उकळताना कडूपणासाठी विलायतेहून आलेली वाळकी फुलं टाकायची, आणि निवलं की खमीर घालायचं. यातलं मोड आणणं, भरडणं, गाळणं त्याला नवं नव्हतं. आईनं उभा जन्म त्यातच काढला होता. पण खमीर ही चीज वेगळी. ते एका बुटक्या चिनी मातीच्या बरणीत राहायचं, आठवडा झाला की त्याला गोड पाणी पाजावं लागायचं, आणि साहेब सांगायचा की ते त्याच्या बापाच्या घरून आलं आहे, बोटीतून, ओल्या फडक्यात बांधून. खरंखोटं त्याचा देव जाणे. साहेब तापानं गेला. जायच्या आधी त्यानं बरणी धर्मराजच्या हातात दिली आणि आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं, इसको मरने मत देना. धर्मराजला तोवर कुणी कधी काही सोपवलं नव्हतं. गावाकडची जमीन थोरल्या भावाच्या हाताखाली, घरातला शब्द चुलत्याचा, फॅक्टरीत तो इंजिनाला तेल देणारा. त्याच्या वाट्याला जे आलं ते एवढंच होतं, आणि म्हणून तेच त्याचं सगळं झालं.

सोळा-सतरा वर्षं त्यानं ते मरू दिलं नव्हतं. प्लेगाच्या साथीत लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिले तेव्हा त्याच्या डोक्यावर बरणी होती आणि अंथरूण चतुराबाईच्या. लढाई सुरू झाली, विलायती फुलं यायची बंद झाली, तर त्यानं जडीबुटी विकणाऱ्या गांध्याच्या दुकानातलं काडेचिराईत टाकून कडूपणा आणला. आबकारीचा एक जवान वास काढत आला होता. मोहाची आणि शिंदीची त्याला ओळख होती, हे जवाचं पाणी काय ते त्याला उमगेना, आणि रामेश्वरनं त्याला मुतखड्यावरचा काढा म्हणून पेलाभर पाजून वाटेला लावलं होतं. या सगळ्यातून ते खमीर पार पडलं. बरणीला कान लावला की आत कुणीतरी हलक्या आवाजात बोलत असल्यासारखं ऐकू यायचं. सुरुवातीलाच त्यानं बायकोला बजावलं होतं की ग्रहणात घरातलं शिजलेलं टाक, भरलेलं पाणी टाक, तुझं सगळं पाळ, पण या बरणीला हात लावू नको. तिनं मान हलवली होती. मग प्रत्येक ग्रहणानंतरची खेप उघडली की तो माळवदावर रामेश्वरला मोठ्या आवाजात सांगायचा, शेठ, ग्रहण लागलं काय आन् सुटलं काय, आपल्या खमिराला काई होत न्हाई, साहेबाच्या हातचं है. रामेश्वर मान डोलवायचा. चतुराबाई खाली असायची, आणि माळवदावरचं बोलणं धाऱ्यातून, छताला ठेवलेल्या त्या भोकातून, खाली स्वच्छ ऐकू जायचं.

गोडीची कारणं साहेबानं त्याला शिकवली होती आणि ती त्याला तोंडपाठ होती. पाणी फार तापलेलं असताना भरड घातली की गोडी पक्की होऊन बसते, मग ती खमिराला फोडता येत नाही. थंडी पडली की खमीर पेंगतं. भरड जास्त आणि पाणी कमी झालं की त्याला अजीर्ण होतं. निवलेलं पाणी वरून ओतून चांगलं घुसळलं नाही तर त्याचा श्वास कोंडतो. फॅक्टरीत इंजिनाला तेल देता देता धर्मराज एकेक कारण उचलून पाहायचा आणि खाली ठेवायचा. पाणी? पाणी त्यानंच तापवलं होतं, मनगट बुडवून पाहिलं होतं. पण त्या दिवशी त्याच्या मनगटाला चुलीचा चटका बसला होता, तेव्हा ते मनगट खरं बोललं असेल का? भरड जात्यातून मोठी पडली असेल का? आश्विन सरत आला होता, पहाटे गारवा सुटत होता, म्हणजे थंडी? ती तर इतकी नव्हतीच. माणसाला एकदा शंका लागली की ती सगळीकडं बोट घालून बघते. त्याला स्वतःची शंका आली, आपण म्हातारे होत चाललो असू, जीभच गेली असेल. त्यानं कच्चं कारलं चावून पाहिलं. कडू लागलं. मग विहिरीची शंका आली, जात्याची आली, रामेश्वरच्या पोत्यांची तर फारच आली. दोनच गोष्टींकडं त्याचं मन गेलं नाही. एक ती बरणी, आणि दुसरी घरातली बाई.

दुसरी खेप त्यानं जीव ओतून केली. चतुराबाईनं जव निवडून दिले, भिजवले, तरटावर पसरले, दिवसातून तीनदा पाण्याचा हबका मारला. तिच्या हाताला मोड फार एकसारखे यायचे. पाणी तापवताना त्यानं दुसरं मनगट बुडवून पाहिलं. भरड मापानं घेतली. निवलेलं पाणी या रांजणातून त्या रांजणात ओतून त्याचे खांदे भरून आले. खमीर घातल्यावर त्यानं रांजणाला गोधडी गुंडाळली आणि चुलीच्या उबेला ठेवायला निघाला, तर तिथं तिची कोठी होती. तिनं कोठी सरकवून जागा करून दिली. दोन दिवस तो कामावरून आला की पायावर पाणी घ्यायच्या आधी रांजणाला कान लावायचा. आत एखादा बुडबुडा यायचा, थांबायचा, बऱ्याच वेळानं दुसरा यायचा. मोजणारा कंटाळून जावा इतक्या वेळानं. एकदा तो असा वाकलेला असताना चतुराबाईनं पीठ मळता मळता विचारलं होतं, "काई ऐकू येतं का?" आणि तो म्हणाला होता, येईल. तिनं मान खाली घालून पुन्हा पीठ मळायला घेतलं होतं. तिला आपली काळजी आहे याचं त्या वेळी त्याला बरं वाटलं होतं.

तीही खेप गोड राहिली. तेव्हा मात्र तो तडक मोंढ्यात गेला. रामेश्वर गादीवर बसून कुणाशी तरी सरकारला लेव्हीत द्याव्या लागणाऱ्या ज्वारीबद्दल कुरकुरत होता. गिऱ्हाईक गेल्यावर धर्मराजनं जवांबद्दल विचारलं. जुने आहेत का, भिजलेले आहेत का, कुठल्या पेवातले आहेत. रामेश्वरनं मूठभर जव त्याच्या तळहातावर ओतले आणि म्हणाला की खराब असते तर मोड आले असते का, हे तर तुम्हीच मला शिकवलं. मग सहज, तागडीच्या साखळ्या सोडवता सोडवता तो म्हणाला, "तसे जुने तं होतच चालले. जव उचलणारी घरं जालन्यात दोनच. एक तुमचं, एक झुंबरबाईचं. ती पोळ्याच्या टायमाला शहागडला भाच्याकडं निघून गेली, तवापासून पोतं पडून है." कुठली झुंबरबाई, असं धर्मराजनं विचारलं, आणि विचारतानाच त्याला कळलं की या नावाची दुसरी बाई गावात नाही. "साहेबाची हो," रामेश्वर म्हणाला. "तुमच्या घरातल्याच नेत होत्या की तिच्यासाठी. एक पिशवी तुमची, एक तिची, बराबर." एवढं बोलून त्यानं वर पाहिलं, धर्मराजचा चेहरा पाहिला, आणि तागडी उगाच पुन्हा साखळ्यांत अडकवून घेतली. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल, असं काहीसं तो बारीक आवाजात म्हणाला. जवांची मूठ हातात तशीच धरून धर्मराज रस्त्यावर आला.

झुंबरबाई साहेबाच्या बंगल्यात राहायची. लग्नाची नव्हती, आणि नोकरही नव्हती. काय होती ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी म्हणत नव्हतं. साहेबाला मातीत ठेवून चारच दिवस झाले होते. फॅक्टरीनं बंगला रिकामा करून घेतला होता, आणि ती एक पितळी वाटी घेऊन धर्मराजच्या दारात उभी राहिली होती. बरणीतलं थोडं दे म्हणाली. थोडं दिलं तरी तुझं कमी व्हायचं नाही, वाढतंच ते. धर्मराजला ते ठाऊक होतं. विरजणासारखंच असतं ते, चमचाभर दिलं तर दोन घरी दही लागतं. पण ती दोन घरांची गोष्टच त्याला नको होती. साहेबानं ते त्याला सोपवलं होतं, एकट्याला. दोन ठिकाणी असलेली वस्तू सोपवलेली राहत नाही. ते मेलं, असं त्यानं तिला दारातच सांगितलं, आणि मागं बरणी ठेवलेल्या कोनाड्यावर तिची नजर जाऊ नये म्हणून दार अडवून उभा राहिला. ती वाटी पदराखाली घेऊन गेली. त्यानंतर रस्त्यात दिसली तर तो पलीकडच्या कडेनं जायचा. कुंडलिका नदीच्या पुलावर एकदा ती समोरासमोर आली तेव्हा ती हसली होती, आणि त्या हसण्यानं तो कितीतरी दिवस बेचैन होता. आता मोंढ्यातून घरी चालताना त्याला ते हसणं आठवलं आणि त्याचा अर्थ आत्ता, इतक्या वर्षांनी, लागायला लागला. ती त्याला हसली नव्हती. त्याच्या घरात जे चाललं होतं आणि त्याला माहीत नव्हतं, त्याला हसली होती.

घरी येऊन त्यानं बरणी कोनाड्यातून काढली. झाकण काढून नाकाशी धरली. बोट बुडवून चाटलं. या बरणीतलं त्यानं कधी चाटून पाहिलं नव्हतं. देवाचं तीर्थ कुणी चवीसाठी पीत नाही. जिभेला आंबट लागलं, साधं, घरगुती. चतुराबाई उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. बरणीत काय आहे, त्यानं विचारलं. तिनं वर पाहिलं नाही. "शिळ्या भाकरीचं आंबवन है," ती म्हणाली. "थोडा गूळ घातला." आणि साहेबाचं? ते टाकलं, ती म्हणाली, भादव्यातल्या ग्रहणाला. तिचा आवाज भाजीचा भाव सांगावा तितका सरळ होता. तो काही बोलणार तेवढ्यात तिनं काड्या बाजूला सारल्या आणि हात पदराला पुसले. इतकी वर्षं बोलायचं राहिलेलं बोलायला बसावं तशी ती बसली.

"पयल्या ग्रहनाला ठेवलं तुमचं," ती म्हणाली. "पोटुशी व्हते मी. माय सांगत व्हती घरातलं समदं टाकून दे म्हनून. तुमी म्हनले बरनीला हात लावू नको, न्हाई लावला. मंग काय झालं ते तुमाला ठावं है." त्याला ठाऊक होतं. मुलगा रडलाच नव्हता. धर्मराजनंच तो फडक्यात गुंडाळून नेला होता. नंतर सोनूबाई झाली, जगली, आता नुकतीच राजूरला दिलेली होती. त्या पहिल्या मुलाचा आणि बरणीचा काही संबंध असू शकतो हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तिच्या डोक्यातून ते कधी गेलं नव्हतं. तेव्हापासून दर ग्रहणाला ती बरणी मोरीत ओतून, घासून ठेवत होती, आणि दुसऱ्या दिवशी तो फॅक्टरीत गेला की झुंबरबाईकडून वाटीभर आणत होती. झुंबरबाई ग्रहण पाळत नसे. साहेबाच्या घरात तिला पाळायला सांगणारं कुणी नव्हतं, आणि मग सवयच मोडली. पण तिच्याकडं आलं कुठून, असं विचारायला त्यानं तोंड उघडलं आणि ते त्याला विचारायची गरज पडली नाही. "मीच दिल्तं," चतुराबाई म्हणाली. "तुमी पुढल्या दारातून लावून दिली, मी मागल्या दारानं दिलं. इरजन मागाया आलेल्या बाईला न्हाई म्हनत न्हाईत." या खेपेला झुंबरबाई गावात नव्हती. एवढंच झालं होतं. बाकी सगळं नेहमीसारखंच होतं.

मला सांगायचं होतंस, असं तो म्हणाला, आणि म्हणतानाच ते किती लहान वाक्य आहे हे त्याला कळलं. "काय काय सांगायचं?" ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "चव कधी बदलली का तुमाला?" नव्हती बदलली. हेच तर होतं. पोराचं दुःख मोठं, त्यापुढं बरणी काय, हे त्याला कळत होतं. तिनं ते एकटीनं किती वर्षं वागवलं हेही कळत होतं. पण मनाला काय टोचावं याची मनावर सक्ती करता येत नाही. त्याला टोचत होतं ते दुसरंच. माळवदावर तो मोठ्यानं सांगायचा, आपल्या खमिराला काई होत न्हाई, आणि खाली ही बसलेली असायची, हात कोरडे करून, बरणी नुकतीच भरून ठेवलेली. तिनं एकदाही वर येऊन म्हटलं नव्हतं की पुरे. तिनं त्याला बोलू दिलं. दोन खेपा त्यानं जीव आटवून केल्या, मनगटं भाजून घेतली, जात्यावर शंका घेतली, कारलं चावलं, आणि ती कोठी सरकवून जागा करून देत होती. काई ऐकू येतं का, असं विचारत होती. एखाद्यानं सोळा वर्षं नवस फेडत राहावं आणि नंतर कळावं की देवळात मूर्तीच नव्हती, तसं त्याला झालं. नव्हे, मूर्ती होती. दुसऱ्याच्या घरची, दर ग्रहणाला बदलून आणलेली. आणि त्याच्यावाचून सगळ्यांना, मोंढ्यातल्या रामेश्वरलासुद्धा, दोन पिशव्यांइतकं का होईना, ते माहीत होतं. ती म्हणाली की मोटरीनं शहागडला जाऊन येते, सांजच्याला माघारी येईन. नको, तो म्हणाला, तुझ्या हातचं नको. हे ऐकल्यावर तिनं मेथीची पाटी उचलली आणि आत गेली.

रविवारी तोच निघाला. सरकारी मोटर अंबडवरून जात होती, पुढच्या बाकावर दोन मौलवी आणि एक कोंबड्या घेतलेली बाई, आणि मांडीवर पिशवीत ठेवलेली रिकामी बरणी. तिच्या हातचं नको म्हणून निघालो आणि झुंबरबाईच्या हातचं आणायला चाललो, यात काही शहाणपण आहे का, असं त्यानं स्वतःला विचारलं. नव्हतं. पण एक होतं की निदान एकदा तरी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ते घेणार होता. यापुढं ते खरं असेल. मागचं सगळं खोटं निघालं तरी इथून पुढं खरं सुरू करता येईल, असं काहीतरी त्यानं मनाशी धरलं होतं, आणि रस्त्यातल्या प्रत्येक गचक्याला ते पुन्हा नीट धरून ठेवावं लागत होतं. गंगा, म्हणजे गोदावरी, दिसली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. झुंबरबाईचं घर विचारायला त्रास पडला नाही. भाच्याच्या पडवीत ती बसली होती, केस पांढरेशुभ्र, समोर ओलं तरट आणि त्यावर जव. "धर्मा," ती म्हणाली, जणू तो पाणी भरून नुकताच बंगल्यात आला होता. "बस. उनातून आलास."

त्यानं पिशवी पुढं केली. दारात अडवून उभा राहिलेला माणूस तोच होता आणि आता पायरीवर बसलेलाही तोच होता. तिनं पिशवीत डोकावून बरणी ओळखली, आणि आत नेऊन भरून आणली. बरणी परत हातात आली तेव्हा जड होती, कोमट होती, आणि कान न लावताही तिच्या आतलं बोलणं तळहातांना कळत होतं. साहेबाचं. खरं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं याची त्याला लाज वाटली नाही. मग तिनं एका पेल्यात तिची बिअर दिली आणि तो प्यायला. तीच चव होती, तीच, साहेबाच्या पडवीतली, फक्त कडूपणा जरा हलका. चिराईत कमी टाकता का, त्यानं सहज विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"चतुरासाठी," झुंबरबाई म्हणाली. "बाजाराच्या दिवशी यायची ना ती, भाजी घेऊन. पयले पेलाभर प्यायची, मंग घरी जायची. ती म्हनायची, आमच्या घरची लई कडू करतात, घशाखाली उतरत न्हाई." मग ती चतुरा कशी आहे, गुडघा दुखतो का अजून, असं विचारत राहिली, आणि धर्मराज हो-नाही करत राहिला. लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, खेप फार सुंदर उतरली होती म्हणून, त्यानं माळवदावर बायकोपुढं पेला धरला होता. दुसरं कुणी नव्हतं. तिनं पदर नाकाला लावला आणि म्हणाली, मला वासानंच मळमळतं. बाईमाणसाला सोसत नसेल असं समजून त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. उलट तिला वास जाऊ नये म्हणून तो इतकी वर्षं वर माळवदावर जाऊन प्यायचा, थंडीतसुद्धा, रामेश्वर आला नाही तर एकटा. ग्रहणाचं त्याला समजलं होतं. त्यामागं निदान एक मेलेलं मूल होतं. पण यामागं काय होतं? ही नुसती दुपार होती, दोन बायका, एक पेला, आणि तिला काय आवडतं ते कुणाला सांगायचं याची तिनं केलेली निवड.

निघताना झुंबरबाईनं एक बाटली बूच तारेनं बांधून दिली. चतुराला दे म्हणाली, लई दिवस झाले तिला. देतो, असं तो म्हणाला. मोटर यायला वेळ होता. तो गंगेच्या काठाला एका दगडावर बसला, बरणी पायांमध्ये नीट धरली, बाटलीची तार सोडली आणि प्यायला लागला. पेला नव्हता, बाटलीनंच. घाई केली नाही. मध्ये कुणीतरी धुणं धुणारी बाई त्याच्याकडं बघत होती, तिच्याकडंही त्यानं पाहिलं. शेवटचा घोट झाल्यावर त्यानं बाटली गाळासकट पाण्यात टाकली. ती जरा वेळ उभी तरंगली आणि मग भरून बुडाली.

घरी पोचला तेव्हा दिवे लागले होते. चतुराबाईनं त्याच्या हातातून बरणी घेतली, झाकण काढून पाहिलं, आणि कधी नव्हे ते तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. तिनं चुलीवर थोडं पाणी ठेवलं, त्यात गूळ विरघळायला टाकला. झुंबराक्का बरी आहे का, तिनं विचारलं. तिचं अंगण कसं आहे, भाच्याची बायको नीट वागते का, असं ती विचारत राहिली, आणि तो एका शब्दात उत्तरं देत राहिला. मग पाणी ढवळता ढवळता, त्याच्याकडं न पाहता, ती म्हणाली, "माझ्यासाठी काई धाडलं का तिनं?"

"न्हाई," धर्मराज म्हणाला. बायकोशी बोललेलं हे आपलं पहिलंच खोटं, असं त्याच्या मनात आलं, आणि ते इतकं सोपं असतं हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.